आल्प्सचा घाट की रोमचं छत?

दोन वाईट गोष्टींमधून एक निवडायची वेळ आली, तर मराठी माणसाकडे म्हण तयार असते. 'इकडे आड, तिकडे विहीर' म्हटलं, कपाळाला हात लावला, की निम्मं ओझं हलकं होतं. पण दोन्ही ताटांत पेढेच असतील आणि त्यांतला एकच उचलायचा असेल तर? अशा प्रसंगासाठी आपल्या भाषेनं फारशी सोय करून ठेवलेली नाही. करणार तरी कशी? मध्यमवर्गीय घरांत असे प्रसंग येत होतेच किती!

आता येतात. मुलं मार्गी लागलेली असतात, घराचं कर्ज फिटलेलं असतं, एखादी मुदतठेव पिकते आणि कुणीतरी म्हणतं, ''तुम्ही दोघं एकदा युरोप बघून या.'' तिथंच खरा घोळ सुरू होतो. युरोप म्हणजे नेमकं काय बघायचं?

नाशिकरोडच्या एका घरात हा घोळ तब्बल तीन महिने चालला. घरातले गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिन ड्रायव्हर. (आता 'लोको पायलट' म्हणतात, पण कॉलनीत ते अजूनही 'ड्रायव्हरसाहेब'च आहेत.) त्यांच्या नोकरीची उमेदीची वर्षं कसारा ते इगतपुरीच्या थळ घाटात गेली. बायको शाळेत चित्रकला शिकवायच्या. बत्तीस वर्षं त्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना मुलं बसवली. घरी त्या कुणाच्या आई, कुणाच्या मामी असल्या, तरी बाहेर सगळ्यांच्या 'बाई'च.

पुण्याच्या मुलानं आणि सुनेनं पुढाकार घेतला. पैसे ठरले, दिवस ठरले. राहिलं ते ठिकाण. ड्रायव्हरसाहेब एका शब्दात म्हणाले, ''स्वित्झर्लंड.'' बाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, ''तुम्ही म्हणाल तिथं.''

विषय खरं तर तिथंच संपायचा. संपला नाही, तो सुनेमुळे.

चाळीस वर्षांचं 'तुम्ही म्हणाल तिथं'

रेल्वेच्या पासावर या जोडप्यानं हिंदुस्थान पालथा घातला होता. काश्मीर झालं, रामेश्वर झालं, दार्जिलिंग झालं. उटीला तर दोनदा जाणं झालं, कारण मेट्टुपाळयम ते कुन्नूरची दातेरी रुळांवरून चढणारी गाडी ड्रायव्हरसाहेबांना पुन्हा बघायची होती. प्रत्येक ठिकाण त्यांनी ठरवलेलं. बाईंनी पुऱ्या तळायच्या, दशम्या करायच्या, मुलांचे स्वेटर भरायचे. त्यांनी कधी तक्रार केली नाही, म्हणून त्यांना काही हवं असेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

सून मात्र वेगळ्या घरातून आलेली. ती म्हणाली, ''आई, बाबा, देशाचं नाव नका सांगू. तिथं डोळ्यांनी नेमकं काय बघायचंय, ते वेगवेगळ्या कागदांवर लिहा. तीनच गोष्टी.''

ड्रायव्हरसाहेबांनी दोन मिनिटांत कागद भरला. पहिली ओळ होती, 'लाल गाडी आणि गोल पूल'. इगतपुरीच्या रनिंग रूममध्ये फार वर्षांपूर्वी एक कॅलेंडर टांगलेलं असे. त्यावर दगडी कमानींच्या पुलावरून स्वतःभोवतीच वळसा घेणारी एक लाल गाडी होती. रात्रीच्या ड्युटीनंतर डोळा लागेपर्यंत ते त्या चित्राकडे बघत पडत. दुसरी ओळ, 'दातेरी रुळावरचं वाफेचं इंजिन'. तिसरी, 'बर्फ'.

बाईंचा कागद मात्र दुपारभर कोराच होता. संध्याकाळी तो देव्हाऱ्याजवळ सापडला. ओळी तीनच होत्या :

'डेव्हिडचा उजवा हात.

सिस्टाईन चॅपेलचं छत.

ऑलिव्हचं झाड, जवळून.'

घरात क्षणभर कुणी बोललं नाही. बत्तीस वर्षं ज्या बाईंनी फळ्यावर माणसाचा हात काढून दाखवला, 'हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत चेहरा, तेवढीच हाताच्या पंजाची लांबी' हे प्रमाण शेकडो मुलांकडून घोटून घेतलं, त्यांना मायकेलअँजेलोनं हे प्रमाण मोडून घडवलेला हात बघायचा होता. डेव्हिडचा तो हात शरीराच्या मानानं मोठा आहे. पुतळा मुळात चर्चच्या उंच भागावर बसवायचा होता म्हणून तो तसा केला असावा, असं जाणकार सांगतात. बाईंना हे सगळं पुस्तकातून ठाऊक होतं. पुस्तकातला फोटो काळा-पांढरा, जेमतेम बोटभर उंचीचा. प्रत्यक्षातला पुतळा पाच मीटरहून उंच!

''दगडी पुतळेच बघायचे तर वेरूळ काय वाईट आहे?'' ड्रायव्हरसाहेब म्हणाले. ''अख्खं कैलास लेणं एका दगडातून कोरलंय!''

''अहो, घाटही इथंच होता की,'' बाई शांतपणे म्हणाल्या. ''तरी तुम्हाला तिथला बघायचाय ना?''

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ड्रायव्हरसाहेबांना सिग्नल लाल मिळाला होता.

पंचांगानं घातलेली अट

खरं तर दोन्ही देश एकाच व्हिसावर होतात. मग 'दहा दिवसांत सात देश' अशी एखादी सहल का घेऊ नये? सकाळी पोहे, रात्री वरणभात, भाषेची चिंता नाही. ज्यांना तशी सोबत हवी, त्यांच्यासाठी ते उत्तमच. पण बाईंच्या गुडघ्यांनी हा पर्याय आधीच बाद केला होता. शस्त्रक्रिया आज ना उद्या करावी लागणार, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. रोज पहाटे बॅगा बाहेर ठेवा, बसमध्ये चढा, उतरा, फोटो काढा, पुन्हा चढा, हे त्यांना झेपणारं नव्हतं. आणि 'यंदा हे, पुढच्या वर्षी ते' असं म्हणण्याइतका भरवसा गुडघ्यांचाही नव्हता आणि ठेवीचाही. एकदाच जायचं, तर ज्याचं राहील त्याचं कायमचं राहील. निवड अवघड होती ती यामुळे.

त्यात आणखी एक अट घरच्या कुलाचाराची. नवरात्रात घट बसतात, दिवाळीला लेक-जावई येतात. म्हणजे प्रवासाला मोकळीक दसऱ्यानंतर आणि धनत्रयोदशीच्या आत. २०२६ साली ज्येष्ठ महिना अधिक असल्यानं सगळे सण पुढे सरकले. दसरा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. आपल्याकडे तो ऑक्टोबर हीटच्या उतरणीचा काळ. युरोपात मात्र ती ऐन पानगळ आणि हिवाळ्याची चाहूल.

हीच तारीख दसरा लवकर येणाऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला सापडली असती, तर स्वित्झर्लंडचं पारडं नक्की जड झालं असतं. सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आल्प्सचे दिवस सोन्यासारखे असतात. हवा स्वच्छ, उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली. उन्हाळाभर वरच्या कुरणांत चरलेल्या गाई गळ्यात मोठमोठ्या घंटा आणि डोक्यावर फुलं माळून गावात उतरवतात, तो सोहळाही याच सुमाराचा. पण ऑक्टोबर सरता सरता डोंगर एकेक दुकान मिटू लागतो. ब्रिएन्झहून रोटहॉर्नच्या माथ्यावर जाणारी, १८९२ पासूनची दातेरी गाडी, जिच्यावर अजून वाफेची इंजिनं धावतात, ती साधारण जून ते ऑक्टोबर एवढीच चालते. ग्लेशियर एक्स्प्रेस ही प्रसिद्ध गाडी ऑक्टोबरच्या मध्यानंतर डिसेंबरपर्यंत विश्रांती घेते. अनेक रोप-वे देखभालीसाठी बंद ठेवतात. युंगफ्राउयोखची ३,४५४ मीटर उंचीवर नेणारी रेल्वे बारा महिने चालते, हे खरं. पण खाली सखल भागात या दिवसांत धुकं दिवसदिवस हलत नाही. वर ऊन आणि खाली राखाडी गोधडी!

इटलीचं गणित याच्या उलट. जुलै-ऑगस्टमध्ये रोमचं ऊन आपल्या मे महिन्याची आठवण करून देतं आणि रांगा तर विचारू नका. ऑक्टोबरअखेर दिवसाचं तापमान वीस अंशांच्या आसपास येतं. रस्त्याच्या कोपऱ्यावर चेस्टनट भाजणारे विक्रेते बसू लागतात. टस्कनीच्या टेकड्यांवर ऑलिव्हची काढणी सुरू असते. झाडांखाली जाळी अंथरून फळं खाली पाडायची आणि लगेच घाण्यावर न्यायची. बाईंच्या तिसऱ्या ओळीसाठी याहून चांगला महिना नाही. पावसाची सर येऊ शकते, पण संग्रहालयाच्या छताखाली पावसाचं काय भय?

असं असलं, तरी ऋतूनं इटलीच्या बाजूनं कौल दिला म्हणून ड्रायव्हरसाहेबांचं मन राजी झालं, असं मात्र नाही. ते गप्प गप्प राहू लागले. ''तुझं होऊ दे, माझं काय, टीव्हीवर बघीन,'' असं एकदा म्हणाले. ते ऐकून बाईंनी स्वतःचा कागद फाडायला घेतला. सुनेनं तो वेळीच हातातून काढून घेतला, म्हणून वाचला.

लाल गाडीचा पत्ता

कोडं सुटलं ते त्या जुन्या कॅलेंडरमुळे. सून एकदा बाबांना विचारत बसली : पूल किती कमानींचा होता? नऊ, ते म्हणाले. ड्रायव्हर माणूस, मोजल्याशिवाय राहिला असता होय! नऊ कमानी, पूर्ण गोल वळसा, आणि वळसा पूर्ण करून गाडी स्वतःच्याच पुलाखालून निघते. शोध घेतल्यावर कळलं, तो ब्रूझिओचा पूल. १९०८ सालचा. तो युंगफ्राउच्या वाटेवर नाही आणि टिटलिसच्याही नाही. घरात जमलेल्या सहलींच्या एकाही माहितीपत्रकात त्याचं नाव नव्हतं. म्हणजे ठरल्याप्रमाणे नेहमीची स्वित्झर्लंड सहल घेतली असती, तर ज्यासाठी हट्ट धरला तीच गोष्ट राहिली असती!

हा पूल आहे बर्निना रेल्वेवर. ही रेल्वे स्वित्झर्लंडची खरी, पण तिचं दक्षिणेचं शेवटचं स्टेशन तिरानो हे चक्क इटलीत आहे. मिलानहून साध्या रेल्वेनं साधारण अडीच तासांवर. त्यातही बराच वेळ गाडी कोमो सरोवराच्या काठानं जाते.

मग मात्र ड्रायव्हरसाहेबांनी चष्मा लावला आणि नकाशावर ओणवे झाले. तिरानो समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटरवर. तिथून गाडी गावच्या रस्त्यातून, चर्चच्या अंगणाला घासून ट्रामसारखी निघते आणि ऑस्पिझिओ बर्निनाला २,२५३ मीटर गाठते. कुठेही दातेरी रूळ नाही. नुसत्या चाकांच्या पकडीवर हजारी सत्तर, म्हणजे चौदाला एक असा चढ! थळ घाटाचा चढ सदतिसाला एक. त्यासाठी कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावावी लागत, कारण आपल्या गाड्या वजनदार. इथं हलकी मीटरगेज गाडी, डब्यांखालीच मोटारी आणि १,००० व्होल्टचा डी. सी. पुरवठा. ''डी. सी.! आपल्या घाटातही डी. सी.च होती, १,५०० व्होल्टची,'' ते एकदम खुलले. मध्य रेल्वेनं नंतर ती बदलून ए. सी. केली, याची हळहळ त्यांनी तेवढ्यात पुन्हा एकदा बोलून दाखवली. २००८ मध्ये युनेस्कोनं ही रेल्वे जागतिक वारशाच्या यादीत घेतली, हे ऐकून त्यांनी नुसती मान हलवली. त्यांच्या यादीत ती केव्हाचीच होती.

ही गाडी बारा महिने चालते. काचेच्या छताच्या खास गाडीला आरक्षण लागतं, पण त्याच रुळांवरून साध्या गाड्याही जातात आणि त्यांना आसन राखून ठेवण्याची सक्ती नाही. वाटेत आल्प ग्र्यूम नावाचं स्टेशन लागतं. तिथं मोटारीचा रस्ता जात नाही. फलाटावर उभं राहिलं की समोर पालू हिमनदी. म्हणजे बर्फही झालं! उतारांवर लार्चची झाडं आहेत. सूचिपर्णी असूनही ती पानगळीत पिवळीधमक होतात आणि पानं गाळतात. आठवडाभर उशीर झाला, तरी थोडं सोनं शिल्लक असेल, अशी आशा धरायला हरकत नाही.

काय सोडायचं?

खरी निवड इथून पुढे होती. दोघांच्या सहा ओळींतल्या पाच जमत होत्या. पण त्यासाठी यादीबाहेरचं सगळं सोडायला हवं होतं, आणि हे घेण्यापेक्षा कठीण असतं.

वाफेचं इंजिन गेलं. ते ड्रायव्हरसाहेबांनी स्वतःच्या हातानं खोडलं. व्हेनिस गेलं. सुनेला वाईट वाटलं, पण तिथल्या पुलांना पायऱ्याच पायऱ्या आणि पानगळीपासून भरतीचं पाणी चढण्याचे दिवस. २०२० पासून समुद्राच्या तोंडावरचे दरवाजे वर करून मोठी भरती अडवतात, हे खरं, पण गुडघ्यांना पायऱ्यांपासून वाचवणारे दरवाजे कुणी बांधलेले नाहीत. पिसा गेलं. फ्लॉरेन्सच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्यांचा तर प्रश्नच नव्हता. ब्रुनेलेस्कीचा तो घुमट चौकातल्या बाकावर बसून बघायचा ठरला.

उरलं ते असं : मिलान एक रात्र, तिरानो दोन, फ्लॉरेन्स चार, रोम पाच. जाताना मिलानला उतरायचं, येताना रोमहून विमान धरायचं, म्हणजे उलटा प्रवास नाही. डोंगर सुरुवातीला घेतला, कारण तिथं प्रत्येक दिवसागणिक हिवाळा जवळ येतो. लाल गाडीचा दिवस २५ ऑक्टोबर, रविवार. त्याच पहाटे युरोपात घड्याळं एक तास मागे जातात. ही गोष्ट ड्रायव्हरसाहेबांनी वहीत लाल शाईनं लिहून ठेवली आहे. जन्मात गाडी चुकवली नाही, ती आता घड्याळापायी चुकायची!

सोमवारी फ्लॉरेन्सची बहुतेक मोठी संग्रहालयं बंद, म्हणून सोमवार प्रवासाचा आणि विश्रांतीचा. मंगळवारी डेव्हिड. आधीच्या शिल्पकारांनी काम सुरू करून टाकून दिलेल्या संगमरवराच्या ठोकळ्यातून, १५०१ ते १५०४ या काळात कोरलेला. १८७३ पासून तो अ‍ॅकॅडेमियाच्या छताखाली आहे. फ्लॉरेन्सच्या रेल्वे स्टेशनाबाहेर आलं, की समोरच सांता मारिया नोव्हेल्ला चर्च. त्याच्या भिंतीवर मसाच्चोनं साधारण १४२७ मध्ये काढलेलं त्रिमूर्तीचं चित्र आहे. सपाट भिंतीत खोल दालन उघडल्याचा भास होतो. मुलांना रेल्वेचे रूळ काढायला लावून 'दूर जाणाऱ्या रेषा एका बिंदूत मिळतात' असं बाई शिकवायच्या. त्या बिंदूच्या युरोपातल्या पहिल्या मोठ्या चित्रांपैकी हे एक. ''रुळांचं उदाहरण माझंच,'' ड्रायव्हरसाहेबांनी हक्क सांगितला.

रोममध्ये व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात. सरकारी संग्रहालयांना महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत, म्हणून तिथं त्या दिवशी झुंबड. १ नोव्हेंबर नेमका पहिला रविवार! तो दिवस नुसता बागेत बसायचा. सिस्टाईन चॅपेलचं छत सुमारे वीस मीटर उंच. १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं मायकेलअँजेलो परातीवर, मान मागे टाकून, उभ्यानं रंगवत होता. तिथं फोटो काढायला मनाई आहे. बाईंना त्याचं काहीच वाटलं नाही. भिंतीकडेला बाकं आहेत, एवढं कळल्यावर त्यांचा प्रश्न सुटला होता.

अर्जावरचा रकाना

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान पंधरा दिवस आधी तर करावाच लागतो, पण इतक्या शेवटावर जाणं शहाणपणाचं नाही. प्रौढांना फी ९० युरो. शिवाय किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा, आणि या वयात तो वाचून-समजून घ्यावा. २०२५ च्या ऑक्टोबरपासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. तेव्हा उतरल्यावर पुढच्या गाडीसाठी हातात वेळ राखलेला बरा.

एकाहून अधिक देश असतील, तर जिथं मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. अर्जात त्यासाठी रकाना असतो : मुख्य ठिकाण कोणतं, आणि इतर कोणती? ड्रायव्हरसाहेबांचा अर्ज मुलानं भरला. बाईंनी मात्र आपला अर्ज आपणच भरला, अक्षरलेखनाच्या तासाला मुलांना गिरवायला लावत तशा ठसठशीत अक्षरांत. मुख्य ठिकाण, इटली. आणि पुढे, न विसरता, स्वित्झर्लंड. चाळीस वर्षांत पहिल्यांदा प्रवासाचं मुख्य ठिकाण त्यांचं होतं, आणि 'इतर' रकान्यात त्यांनी ज्याला बसवलं होतं, तो खिडकीजवळ उभा राहून वेळापत्रक पाठ करत होता.

हल्ली दोघं रोज संध्याकाळी नवे बूट घालून फिरायला बाहेर पडतात. रोमचे रस्ते दगडी फरशीचे, तेव्हा बूट आधी पायाला सरावलेले हवेत. ड्रायव्हरसाहेबांची सवय झपाझप पुढे जाण्याची. पण आता ते दर शंभर पावलांवर थांबतात आणि मागे वळून विचारतात, ''बसायचं का थोडं?''

बाईंचं उत्तरही आता बदललं आहे. 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणत नाहीत त्या. बसावंसं वाटलं, तर 'बसू या' म्हणतात.